वाफेतून गेलेली ओवी

चुलवाणात चिपाड टाकलं की काहिलीवरून वाफेचा लोट उठायचा, गुऱ्हाळाच्या छपरातून बाहेर पडून उसाच्या शेतावर आडवा पसरायचा आणि नेमकी तेव्हाच गच्चीवरून लेझरच्या उजेडावर बसवून गुऱ्हाळापाशी पाठवलेली आईची ओवी तुटायची. पहिल्यांदा वाटलं, वायर हलली असेल. दुसऱ्यांदा भाच्यानं सोलर प्लेट उचलून मागूनपुढून बघितली. तिसऱ्यांदा आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली. दिवस मावळून गेला होता, आणि एरवी अजिबात न दिसणारा लेझरचा किरण त्या वाफेत लाल दोऱ्यासारखा ताणलेला दिसत होता. दिसत होता म्हणजेच अडत होता. वाफेनं जो उजेड आमच्या डोळ्यांकडे उडवला, तो स्पीकरपर्यंत पोचायचा राहिला होता.

"मामा, आवाज तुटूलालाय!" भाचा ओरडला. मला मात्र त्या क्षणी भलताच आनंद झाला. कारण अंतराळातून लेझरनं माहिती कशी पाठवतात, हे आठवडाभर रात्री जागून मी जे वाचत होतो, ते माझ्या डोळ्यांपुढं, उचगावच्या पलीकडच्या आमच्या मळ्यात घडत होतं.

मी बेळगाव जिल्ह्यात फायबर, म्हणजे इंटरनेटच्या केबलमधली बारीक काच, जोडायचं काम करतो. बारा वर्षं झाली. कुठं जेसीबीनं केबल तोडली, कुठं डांबावरचा बॉक्स पाण्यात गेला, कुठं उंदरानं कुरतडलं की फोन येतो. खानापूरपासून निपाणीपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर माझं मशीन असतं. माझा जोडीदार बैलहोंगलकडचा. तो कन्नडमधून शिव्या घालतो, मी मराठीतून, आणि काम दोघांचं एकच. काच सोलायची, स्पिरिटनं पुसायची, क्लीव्हरवर सरळ तोडायची, मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीन दोन्ही टोकं वितळवून जोडतं आणि सांध्यात किती उजेड वाया जाईल त्याचा आकडा पडद्यावर दाखवतं. ०.०२ आला की पुढचा दोरा घ्यायचा.

लांब पल्ल्याच्या लाईनीत जी काच असते, तिला सिंगल मोड म्हणतात. बाहेरून ती १२५ मायक्रॉनची, पण उजेड जिथून जातो तो आतला गाभा फक्त ९ मायक्रॉनचा. केसाच्या जाडीत असे सात-आठ गाभे शेजारी शेजारी बसतील. धुळीचा एक कणसुद्धा या गाभ्यापेक्षा मोठा असू शकतो. असा एक कण मागं एकदा कनेक्टरच्या तोंडावर बसला होता आणि त्यानं मला दोन दिवस फिरवलं. केबलीत बिघाड कुठं आहे ते दाखवणारा ओटीडीआर लावला, चेंबर उघडली, अख्खी लाईन चालत बघितली, आणि शेवटी एका पुसण्यानं काम झालं. तेव्हापासून मी आधी पुसतो, मग मोजतो.

म्हणून जेव्हा कळलं की अंतराळातून लेझरनं खाली पाठवलेला उजेड शेवटी अशाच ९ मायक्रॉनच्या काचेत घालतात, तेव्हा मला झोप आली नाही.

तो प्रयोग नासाचा. नाव टीबर्ड. टिशू पेपरच्या खोक्याएवढं यंत्र, एका क्यूबसॅटमध्ये, म्हणजे खोक्यासारख्या छोट्या उपग्रहात, बसवलेलं. मे २०२२ मध्ये ते वर गेलं आणि सुमारे ५३० किलोमीटर उंचीवरून फिरू लागलं. त्याच वर्षी त्यानं सेकंदाला १०० गिगाबिट खाली पाठवले, २०२३ मध्ये २००. आमच्याकडे घरगुती जोडणी १०० मेगाबिटची असते. म्हणजे तशा दोन हजार घरांची लाईन एका खोक्यातून, मध्ये एकही तार नाही. जून २०२३ मध्ये पाचेक मिनिटांत त्यानं ४.८ टेराबाइट माहिती बिनचूक उतरवली.

वेगाचे आकडे सगळीकडे छापून येतात आणि लोकही तेच एकमेकांना सांगतात. मला स्वतःला त्या आकड्यांपेक्षा शेवटची वीतभर जागा जास्त मोठी वाटते. कॅलिफोर्नियातल्या टेबल माउंटन नावाच्या डोंगरावर जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेची वेधशाळा आहे. तिथल्या एक मीटरच्या दुर्बिणीनं तो किरण पकडला. वरून येताना किरण सरळ असतो. हवेत शिरला की थरथरतो, कारण उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर जशी हवा नाचताना दिसते, तशी ती वरपर्यंत कमी-जास्त नाचत असते. ताऱ्यांचं लुकलुकणं ते हेच. असा विस्कटलेला उजेड ९ मायक्रॉनच्या तोंडात जाणारच नाही. म्हणून तिथं एक आरसा असतो, तो सेकंदाला कितीतरी वेळा आपला आकार किंचित बदलतो, हवेनं उजेड जसा मुरगळला असेल त्याच्या उलटा मुरगळतो आणि उजेड परत सरळ करून काचेत घालतो.

मी काच टेबलावर ठेवतो, दोन्ही टोकं चिमटीत धरतो, वारा लागू नये म्हणून गाडीची दारं लावतो, तरी कधी कधी तीनदा करावं लागतं. आणि त्यांची एक बाजू सेकंदाला साडेसात किलोमीटरनं पळते आहे! माझ्या धंद्यातल्या माणसांबद्दल मला जसा आदर वाटतो, तसाच त्या न बघितलेल्या लोकांबद्दल वाटला.

तर, आमचा मळ्यातला प्रयोग. भाच्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. त्याला ज्वालामुखी करायचा नव्हता. मी म्हटलं, आपण उजेडावरून आवाज पाठवूया. शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून लाल लेझरचा छोटा मॉड्यूल आणला. मोबाईलमधला आवाज एका अॅम्प्लिफायरच्या बोर्डातून त्या लेझरला दिला, म्हणजे आवाजाप्रमाणे उजेड कमी-जास्त होतो, डोळ्याला कळतही नाही. समोर बागेतल्या दिव्याची जुनी सोलर प्लेट, तिच्या दोन वायरी स्पीकरच्या ऑक्समध्ये. बस्स, एवढंच. खोलीत पहिल्याच झटक्यात वाजलं.

आईचा आवाज भाच्यानंच रेकॉर्ड केला होता, जात्यावरची ओवी. घरात जातं आहे, पण आता ते तुळशीशेजारी ठेवलेलं. त्यामुळे तिनं नुसतीच मांडी घालून, हात फिरवल्यासारखं करत म्हटली. "माझा आवाज तिकडं कसा जाऊलालाय रे?" तिनं विचारलं. मी तिला म्हटलं, आई, मी रोज हेच करतो, फक्त काचेतून.

घराच्या गच्चीवरून गुऱ्हाळ अंदाजे ३०० मीटर. मध्ये ऊस, पण गच्चीवरून त्याच्या तुऱ्यांवरून नजर जाते. लेझर किंचित खालच्या दिशेनं राहील असं बघूनच जागा ठरवली, कारण आभाळाकडे लेझर मारायचा नाही. सांबऱ्याला विमानं उतरतात, वैमानिकाच्या डोळ्यात गेला तर अनर्थ. हे भाच्याला आधी तीनदा सांगितलं आणि मगच स्विच त्याच्या हातात दिला. कामावर आमचाही नियम आहे, फायबरच्या तोंडात डोळा घालायचा नाही. आमचा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड तर दिसतही नाही. टीबर्डचाही १५५० चाच.

आणि मग पहिला दिवस गेला तो नुसता नेम धरण्यात. लेझर मी ३० सेंटीमीटरच्या पट्टीवर बांधला होता. पट्टीचं मागचं टोक एक मिलिमीटर हललं की ३०० मीटरवर ठिपका एक मीटर सरकायचा. गच्चीवर कुणी चाललं तरी सरकायचा. भाचा गुऱ्हाळाच्या भिंतीपाशी फोन कानाला लावून उभा. "डावीकडं... अजून... गेला! मामा, गेला!" गुळव्या काहिलीतला रस ढवळता ढवळता हे सगळं बघत होता. अखेर त्यानंच युक्ती सांगितली. पांढरं पोतं भिंतीवर पसरा, ठिपका त्यावर सापडेल, मग पोत्यावरून हळूहळू प्लेटवर आणा. आणि खरंच, आधी मोठ्या जागेत शोधायचा, मग छोट्या जागेत धरायचा.

अंतराळातही असंच करतात. जमिनीवरचं केंद्र आधी वर एक लेझर सोडतं, दीपस्तंभासारखा, थोडा रुंद. वरच्या यानाला तो दिसला की ते आपलं तोंड नेमकं त्याच्याकडे वळवतं आणि मगच आपला बारीक किरण खाली सोडतं. टीबर्डमध्ये तर किरण फिरवायला वेगळी मानसुद्धा नव्हती, अख्खा उपग्रहच वळायचा. शिवाय एक गंमत अशी की उपग्रह जिथं दिसतो तिथं तो नसतोच. ५०० किलोमीटरवरून उजेड खाली यायला १.७ मिलिसेकंद, आपला वर जायला तेवढाच वेळ, तोवर उपग्रह २५ मीटर पुढं गेलेला. चालत्या ट्रॉलीत राहिलेली मोळी फेकायची तर ट्रॉली आहे तिथं फेकून चालत नाही, ती जिथं असणार तिथं फेकावी लागते. हे आमच्याकडच्या कुठल्याही पोराला शिकवावं लागत नाही.

नेम एवढा बारीक कशाला धरायचा, असं भाच्यानं विचारलं. मी वहीत हिशेब मांडून दाखवला. नासाचं लॅडी नावाचं यान २०१३ मध्ये चंद्राभोवती फिरत होतं. त्यावर १० सेंटीमीटरची दुर्बीण होती, तिच्यातून लेझर पृथ्वीकडे सोडला. चंद्रापासून इथवर येताना तो पसरून पसरून सहाएक किलोमीटरचा ठिपका होतो, म्हणजे बेळगावचा जुना भाग झाकला जाईल एवढा. तिथूनच एक मीटरच्या तबकडीनं एक्स बँडचा, म्हणजे यानांशी बोलायला वापरतात तसला, रेडिओ सोडला असता तर त्याचा ठिपका जवळजवळ अख्ख्या पृथ्वीएवढा झाला असता. रेडिओत बहुतेक सगळी शक्ती समुद्रावर, वाळवंटावर, कुठं कुठं सांडते. लेझरमध्ये ती आपल्या अंगणात पडते. म्हणून लॅडीवरून सेकंदाला ६२२ मेगाबिट आले. पण ठिपका लहान म्हणजे चुकला की सगळंच चुकलं.

या कामाची सुरुवात फार जुनी आहे हेही मला आधी माहीत नव्हतं. डिसेंबर १९९२ मध्ये गॅलिलिओ यान गुरूकडे जाताना पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा जमिनीवरून त्याच्यावर लेझरचे ठोके मारले होते आणि ६० लाख किलोमीटरवरूनही त्याच्या कॅमेऱ्यानं ते टिपले. जपानचा किरारी उपग्रह मार्च २००६ मध्ये टोकियोजवळच्या कोगानेईच्या केंद्राशी लेझरनं बोलला. जून २०१४ मध्ये अंतराळ स्थानकावरच्या ओपल्स यंत्रानं एक छोटा व्हिडिओ खाली पाठवला. एक प्रत साडेतीन सेकंदांत, जी नेहमीच्या रेडिओनं यायला दहा मिनिटं लागली असती. स्थानक आभाळातून जाताना त्या वेळी मिळाली १४८ सेकंदं. तेवढ्यात त्यांनी तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाठवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

नासाच्या सायकी यानाचं तर विचारूच नका. डिसेंबर २०२३ मध्ये ते ३ कोटी १० लाख किलोमीटरवर होतं, चंद्राच्या ऐंशीपट लांब. तिथून कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या हेल दुर्बिणीत एका नारिंगी मांजराचा व्हिडिओ उतरला, सेकंदाला २६७ मेगाबिटनं. मांजर लेझरच्या ठिपक्यामागं धावतंय, एवढंच त्यात. उजेडाला यायला १०१ सेकंदं लागली. भाच्यानं तो व्हिडिओ आजीला दाखवला. ती म्हणाली, आमच्या गोठ्यातलं असंच आहे.

आता ढगांबद्दल. माझ्या मते खरी परीक्षा इथं आहे, वेगात नाही.

उजेड किती घटला ते आम्ही डीबीत मोजतो; दर दहा डीबीला उजेड दहावा हिस्सा उरतो. काचेत किलोमीटरला ०.२ डीबी जातो. पन्नास किलोमीटर गेलं तरी दहावा हिस्सा उजेड शिल्लक राहतो. मोकळ्या हवेत दाट धुकं पडलं तर एकाच किलोमीटरला शंभरावर डीबी जाऊ शकतो. शंभर डीबी म्हणजे एकावर दहा शून्यं, तेवढ्या भागांतला एक भाग उरतो. लेझर जोरात मारून ते भरून निघत नाही. डिसेंबरच्या पहाटे मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात धुकं उतरतं. त्या पहाटे आम्ही मुद्दाम लेझर लावला. समोर काही नाही, पोत्यावर ठिपकासुद्धा नाही. माझा जोडीदार त्या दिवशी सोबत होता. त्यानं हात वर करून म्हटलं, "मंजु!" धुक्याला त्यांच्याकडे मंजु म्हणतात. साडेआठनंतर ऊन वर आलं, आधी गुऱ्हाळाचं धुराडं दिसलं, मग छप्पर, मग पोत्यावर लाल ठिपका उमटला. भाच्यानं सगळ्या वेळा वहीत लिहिल्या.

मग अंतराळवाले काय करतात? ते आभाळ बदलत नाहीत, जागा बदलतात. डिसेंबर २०२१ मध्ये वर गेलेल्या नासाच्या एलसीआरडी नावाच्या लेझर-प्रयोगाला जमिनीवर दोन केंद्रं आहेत, एक टेबल माउंटनवर, दुसरं हवाईमधल्या हालेआकाला डोंगरावर. एकीकडे ढग आले तर दुसरीकडे उतरवायचं. दोन्ही उंचावर, कारण हवेचा जाड थर जितका खाली राहील तितका बरा. हे मला बेळगाव जिल्ह्याइतकं कुठंच नीट समजलं नसतं. जुलैत कणकुंबी, जांबोटीकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. ताडपत्रीखाली बसून काच जोडताना मशीनच्या काचेवर दव धरतं. आणि त्याच दिवशी अथणीला फॉल्टवर जावं तर कोरडी धूळ, कृष्णेकाठी ऊन. जिल्हा एक, आभाळ दोन. पश्चिमेला झाकलं तर पूर्वेला उघडं. मी वहीच्या मागच्या पानावर जिल्ह्याचा नकाशा काढून भाच्याला दाखवला. केंद्रांत एवढंसं अंतर पुरत नाही, पावसाळी ढगाचा पट्टा शेकडो किलोमीटर पसरतो, पण कल्पना हीच.

म्हणूनच, लेझर आला आता रेडिओ गेला, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. आपल्या चंद्रयानांचा आवाज याच राज्यात, बेंगळुरूजवळ ब्याळाळूला ३२ मीटरच्या तबकडीवर उतरतो, तो रेडिओच. ढगातून जातो. यान संकटात असेल, तोंड भलतीकडे झालं असेल, तेव्हा तो सांडणारा, रुंद रेडिओच त्याला सापडतो. भरपूर माहिती आणायची आणि आभाळ स्वच्छ आहे, तेव्हा लेझर. गावात आम्हीही फायबर टाकतो, म्हणून मोबाईलचा टॉवर काढत नाही.

टीबर्डकडे परत येतो. ढग, थरथर, सगळं धरूनही ४.८ टेराबाइट बिनचूक कसे आले? माहितीचे छोटे छोटे तुकडे करून पाठवतात. जो तुकडा खाली पोचला नाही, तेवढाच जमिनीवरून परत मागवला जातो आणि वरचं यंत्र तेवढाच पुन्हा पाठवतं. किरण तुटणारच हे आधी मान्य करायचं. तुटला की कुठं तुटला ते नेमकं सांगायचं. मला यात मोठा शहाणपणा वाटतो. आमच्या धंद्यात तुटलेली लाईन लपवणारे ठेकेदार मी बघितलेत.

हे भाच्याला समजावून सांगितलं तेव्हा तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आलो तर तो गुऱ्हाळापाशी. चुलवाण पेटलेलं, वाफ चालू. त्यानं गच्चीवरून ओवी पाठोपाठ चार वेळा लावली होती आणि खाली प्लेटवरून आलेला आवाज चारही वेळा फोनमध्ये भरला होता. आमच्या प्लेटला उलटं बोलता येत नाही, तुकडा मागवता येत नाही, म्हणून त्यानं ओपल्सची रीत घेतली, तेच पुन्हा पुन्हा. पहिल्या वेळी वाफेनं दुसरी ओळ खाल्ली होती. दुसऱ्या वेळी शेवटची. तिसऱ्या वेळी सुरुवातच नव्हती, कुणीतरी बैल घेऊन मधून गेलं असेल. चौथ्या वेळी मधला एक शब्द फुटलेला. चारही वेळा भोकं वेगवेगळ्या जागी. त्यानं मोबाईलवर बसून चांगले तुकडे वेचले आणि एकापुढं एक लावले. रात्री नऊपर्यंत लागला होता. गुळव्यानं दिलेली गरम गुळाची वाटी तशीच थंड झाली होती.

जेवण झाल्यावर आम्ही ती ओवी आईला ऐकवली. थोडी खरखर, दोन ठिकाणी सांधा ऐकू येत होता, पण सगळी होती. आई डोळे मिटून, मांडीवर हात फिरवत ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "तिसऱ्या ओळीला मी खोकले होते बघ. ते पण आलंय की."

भाच्यानं वही उघडली आणि तेही लिहून घेतलं.